रात्री झोपताना राऊटर बंद करावा की चालूच ठेवावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

प्रश्न छोटासाच आहे पण घरात त्यावरून रोज थोडी थोडी कुरबुर होते म्हणून शेवटी इथे विचारतेय. माझे सासरे (मी बाबाच म्हणते) रात्री अकरा वाजता झोपायच्या आधी घरभर फिरून सगळी बटणं बंद करतात, टीव्ही, गिझर, चार्जर, आणि सगळ्यात शेवटी हॉलमधल्या कपाटावरचा एक्स्टेंशन बोर्ड. त्या बोर्डावर फायबरचा डबा आणि वायफायचा राऊटर दोन्ही आहेत, त्यामुळे खट्ट आवाज आला की घरातलं नेट गेलं ते थेट सकाळी साडेपाचला ते उठून चालू करतात तेव्हा येतं. त्यांचं म्हणणं असं की कोणी वापरत नसताना यंत्र चालू कशाला ठेवायचं, वीज जाते, डबा सारखा गरम राहतो, आणि यंत्रालाही विश्रांती लागते. बाबांनी सगळी नोकरी कारखान्यात मशिनींवर केलीये, हे ते उगाच बोलत नाहीत, त्यामुळे त्यांना नुसतं "असं काही नसतं हो बाबा" म्हणून गप्प करणं मला पटत नाही.

नवऱ्याचं बरोबर उलट. तो म्हणतो ही वस्तू चोवीस तास चालायलाच बनवलेली आहे, रोज चालू-बंद केल्यानेच ती लवकर जाईल आणि कंपनी स्पीड पण कमी करेल. आता हे स्पीडचं त्याने कुठे वाचलं माहीत नाही, पण दोघंही आपापल्या मुद्द्यावर ठाम आहेत आणि मधल्यामधे मी, कारण सकाळी सहाची मीटिंग माझी असते.

मला जाणवलेल्या अडचणी सांगते. सकाळी बटण चालू केल्यावर नेट यायला चार-पाच मिनिटं लागतात, त्यातही वायफायचं एक नाव लगेच दिसतं आणि दुसरं, ते ५जी लिहिलेलं, बराच वेळ दिसतच नाही. दोनदा असं झालं की लाल लाईट लुकलुकत राहिला आणि परत बंद करून चालू केल्यावरच नेट आलं. रात्री फोन चार्जिंगला लावला की फोटोंचा बॅकअप व्हायचा तो आता होत नाही, आणि एकदा तर वायफाय गेल्यावर फोन गुपचूप मोबाईल डेटावर गेला आणि सकाळपर्यंत सगळा डेटा संपलेला, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं कारण बाबा तर बचत करायला गेले होते.

तर मला हे हवंय की एका रात्रीत नक्की किती वीज वाचते, रोज बंद केल्याने राऊटर खरंच खराब होतो का, आणि स्पीडचं खरं आहे का. नणंद म्हणते बाळाच्या खोलीजवळ रात्री वायफाय नकोच, तिच्या त्या काळजीचं पण कोणीतरी नीट सांगा. आकडे मिळाले तर फारच बरं, बाबा आकडे ऐकतात.

प्रतिसाद:
ताई, वीज मोजणं सोपं आहे. अडॅप्टरवर १२ व्होल्ट १.५ अँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असेल, गुणाकार केला तर १८ वॅट येतो, पण तो अडॅप्टर जास्तीत जास्त किती देऊ शकतो त्याचा आकडा आहे, खरा वापर त्याच्या बराच खाली असतो. साधारण घरगुती राऊटर ५ ते १५ वॅटच्या मधे कुठेतरी असतो. प्लगमधे लावायचं छोटं वॅटमीटर कोणाकडून एक दिवस मागून घ्या आणि बाबांच्या समोरच लावा.

प्रतिसाद:
मी नेटच्या लाईन जोडायचं आणि दुरुस्तीचंच काम करतो, हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्पीड कमी होतो हे तुमच्या मिस्टरांनी वाचलं ते खोटं नाही, पण ते तांब्याच्या टेलिफोन तारेवरून येणाऱ्या डीएसएल नेटचं आहे. तिथे काही कंपन्यांची यंत्रणा तुमची लाईन किती वेळा तुटते ते बघत असते, सारखी तुटायला लागली की लाईनमधे दोष आहे असं समजून ती स्थिर करण्यासाठी स्पीड खाली आणते, आणि तुम्ही मुद्दाम बंद केलंत की लाईन खरंच तुटतेय हे तिला दरवेळी ओळखता येतंच असं नाही. दिवसातून एकदा बंद-चालू केल्याने सहसा काही होत नाही, तासातासाला केलं तर होऊ शकतं. तुमचं फायबर आहे, तिथे हा प्रकार नाही. उलट फायबरच्या बऱ्याच डब्यांची वीज गेली की बंद पडता पडता ते एक शेवटचा छोटा निरोप पाठवतात, "माझी वीज गेली" असा, त्यामुळे पलीकडच्या यंत्राला कळतं की केबल तुटलेली नाही. सकाळी तो डबा परत उजेडाचा सिग्नल पकडतो, स्वतःची ओळख पटवतो, मग राऊटर लॉगिन करतो, ह्यात दोन-चार मिनिटं जातात आणि ते नॉर्मल आहे. लाल लाईट मात्र नॉर्मल नाही. उजेड पोचत नाहीये किंवा कमी पोचतोय असा त्याचा अर्थ, बोर्ड चालू-बंद करताना डबा हलत असेल आणि मागची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर वाकत असेल तर ते आधी बघा. ती वायर आत काचेची असते, तिला घट्ट वळण चालत नाही.

५जी नाव उशिरा येतं त्याचं कारण वेगळंय. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनलवर रडार पण चालतात, म्हणून राऊटरला त्या चॅनलवर बोलायच्या आधी निदान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं, रडार नाही ना याची खात्री करायला. सेटिंगमधे जाऊन ३६ ते ४८ मधला चॅनल ठेवलात तर हे थांबणं वाचेल.

खराब होण्याबद्दल म्हणाल तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. आतले कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारे छोटे भाग) उष्णतेने म्हातारे होतात, ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट, म्हणजे बाबा म्हणतात ती विश्रांती अगदीच कल्पना नाही. दुसरीकडे चालू करताना एकदम करंट आत येतो आणि गार-गरम, गार-गरम होण्याने आतल्या डाग दिलेल्या सांध्यांवर ताण येतो. पण दिवसातून एकदा हे फारसं मोठं नाही. मी बदललेल्या वस्तूंत अडॅप्टर सगळ्यात जास्त आणि त्यातले पुष्कळसे कपाटात, पडद्यामागे, कपड्यांखाली दडपलेले. हवा लागू द्या, ते रात्री बंद करण्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही लिहिलंच नाहीये. त्या फायबरच्या डब्याला लँडलाईन फोन जोडलेला आहे का? असेल तर बोर्ड बंद म्हणजे फोन पण बंद. जुन्या तांब्याच्या फोनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे, घरात लाईट नसली तरी फोन चालायचा, फायबरचं तसं नाही, आणि हे लोकांना कोणी सांगतच नाही.

प्रतिसाद:
मी एक अनुभव सांगतो. राऊटर आणि डब्यांचे सॉफ्टवेअर अपडेट बऱ्याचदा मध्यरात्रीनंतर येतात, कारण तेव्हा कोणी वापरत नसतं. रोज रात्री बंद असेल तर ते अपडेट येतच नाहीत किंवा मग सकाळी चालू केल्या केल्या येतात. माझ्याकडे तसंच झालं, सकाळी नेट येत नाही म्हणून मी वैतागून बंद-चालू केलं आणि तो नेमका अपडेट लिहीत होता, त्यानंतर तो राऊटर उठलाच नाही. तेव्हा चालू केल्यावर पाच-दहा मिनिटं हात लावू नका, लाईट कितीही लुकलुकू देत.

रीस्टार्टचा एक फायदा मात्र आहे. २०१८ मधे व्हीपीएनफिल्टर नावाचा व्हायरस ५४ देशांतल्या किमान ५ लाख राऊटर वगैरे उपकरणांमधे सापडला होता, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयनेच लोकांना राऊटर रीस्टार्ट करायला सांगितलं होतं, कारण त्याचा बराचसा भाग मेमरीत राहायचा आणि वीज गेली की जायचा. पण पूर्ण जायचा नाही, मूळ अंश राहायचा. त्यामुळे अपडेट आणि अ‍ॅडमिन पासवर्ड बदलणं हे करायलाच हवं, रोज बंद करणं हा त्याला पर्याय नाही.

प्रतिसाद:
नणंदेच्या काळजीबद्दल. वायफायच्या लहरी आयनीकरण न करणाऱ्या प्रकारच्या आहेत, एक्स-रे सारख्या पेशींतले बंध तोडणाऱ्या नाहीत. २.४ गिगाहर्ट्झवर राऊटरची ताकद साधारण ०.१ वॅटच्या आसपास, आणि अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौपट कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मधे सगळ्याच रेडिओ लहरी "२बी" गटात टाकल्या, त्याचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, शक्यता पूर्ण नाकारता आली नाही इतकाच, आणि त्यात मुख्य विचार कानाला लावलेल्या मोबाईलचा होता. तरी आईचं मन आहे, राऊटर बाळाच्या पाळण्यापासून दोन-तीन मीटर लांब ठेवा म्हणावं, तिलाही बरं वाटेल आणि कोणाशी वाद पण नको.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. लँडलाईनचं वाचून मी उठून बघायलाच गेले. बाबांच्या खोलीतला कॉर्डलेस फोन, त्याची वायर भिंतीतून थेट त्या फायबरच्या डब्यात गेलीये. म्हणजे इतके महिने रोज रात्री अकरा ते साडेपाच बाबांचा फोन बंद होता. बाबा रात्री मोबाईल उशाशी ठेवत नाहीत, त्यांच्या बहिणी, जुने सोबती, सगळ्यांकडे तोच नंबर आहे, आणि आम्ही वरच्या मजल्यावर झोपतो, त्यांना काही झालं तर त्यांनी फोन उचलून आम्हाला लावायचा असं आमचं ठरलेलं होतं. माझ्या अंगावर काटाच आला. सकाळी नेट उशिरा येतं म्हणून मी कुरकुर करत होते आणि ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आली नव्हती.

रात्री बाबांना सांगितलं नाही, करून दाखवलं. बोर्ड बंद केला आणि फोन त्यांच्या हातात दिला, डायल टोन नाही. ते बराच वेळ फोन कानाला लावून बसले, मग म्हणाले, "हे मला ठाऊकच नव्हतं गं, आमचा जुना फोन लाईट गेली तरी चालायचा." मी म्हटलं बाबा, तुम्ही बरोबरच म्हणताय, तो तसाच चालायचा.

वॅटमीटर पण शेजारून आणलं. फायबरचा डबा ५ वॅट, राऊटर ८ वॅट, दोन्ही मिळून १३. बाबांनी स्वतः कागदावर हिशेब केला, सात तास धरले तर रात्रीचे ९१ वॅट-तास, वर्षाला साधारण ३३ युनिट. आणि मग आमचा गिझर २००० वॅटचा आहे तर एका रात्रीची तेवढी वीज तो तीन मिनिटांच्या आत खातो हे त्यांनीच काढलं आणि तो कागद फ्रिजवर लावलाय. आता गिझरवर लक्ष आहे 🙂 ते मला मान्य आहे, ती बचत खरी आहे.

आत्ता असं केलंय की फायबरचा डबा वेगळ्या प्लगवर, त्याला कोणी हात लावायचा नाही. राऊटरमधे वायफाय वेळेवर बंद-चालू करायची सेटिंग सापडली, रात्री साडेअकरा ते पाच वायफाय बंद, राऊटर चालू. नणंद पण खूश. माझ्या फोनमधे रात्री मोबाईल डेटा बंद ठेवते, बॅकअप संध्याकाळी. लाल लाईटचं पण तेच निघालं, वायर बोर्डाखाली दबली होती, मोकळी केल्यापासून एकदाही आला नाही.

दोन गोष्टी राहिल्यात. नवरा म्हणतो सेटिंगच्या भानगडीपेक्षा मोबाईलवरून चालणारा स्मार्ट प्लग राऊटरला लावू, चालेल का? आणि लाईट गेली तर फोन तरीही बंद पडणारच ना?

प्रतिसाद (लाईनवाला):
स्मार्ट प्लग राऊटरला लावू नका. तो स्वतः त्याच राऊटरच्या वायफायवर असतो, एकदा राऊटर बंद केला की मोबाईलवरून चालू करायचा निरोप त्याला पोचणार कसा, उठून त्याच्यावरचं बटणच दाबावं लागेल. लावायचाच असेल तर साधा चकतीवाला टायमर.

लाईट गेल्यावर फोन बंद पडणार, हो. त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर वीज देणारा बॅटरीचा डबा, मिळतो, अडॅप्टर आणि डब्याच्या मधे लावायचा, ५ वॅटचा डबा त्यावर काही तास आरामात चालतो. घेताना डब्याच्या मागे लिहिलेले व्होल्ट आणि पिनचा आकार जुळवून घ्या. कॉर्डलेसच्या स्टँडला पण वीज लागते हे विसरू नका, त्यापेक्षा बाबांच्या खोलीत साधा वायरचा फोन ठेवा, त्याला वेगळी वीज लागत नाही.

आणि वादळात विजा कडाडत असतील तर नुसतं बटण नको, राऊटरचा प्लगच काढा, फायबरची काच वीज वाहत नाही पण घराच्या वायरिंगमधून झटका येतो. यूपीएस असेल तर डब्याकडचा अडॅप्टर पण काढता येईल आणि फोन चालू राहील.

धागाकर्ती:
वायरचा जुना फोन माळ्यावर आहे, बाबांनीच जपून ठेवलाय. उद्या काढून लावून बघते आणि इथे सांगते.