अॅन आर्बरमध्ये (मिशिगन, अमेरिका) फुकटात गाणं-बजावणं कुठे?

प्रश्न: आई-बाबा जूनमध्ये येताहेत. बाबांना घरात बसवत नाही आणि माझ्या स्टायपेंडची अवस्था तुम्हाला ठाऊकच आहे. काही सुचवा ना!

उत्तर: 'टॉप ऑफ द पार्क' हा उघड्यावरचा उन्हाळी संगीत महोत्सव गाठा. विद्यापीठाच्या रॅकहॅम इमारतीसमोर, इंगल्स मॉल नावाच्या मोकळ्या हिरवळीवर. तिकीट नाही, देणगी ऐच्छिक. पूर्वी हा पार्किंगच्या गच्चीवर व्हायचा म्हणे, मी तेव्हा नव्हतो. घडीच्या खुर्च्या न्या, काकूंना गवतावर बसवू नका. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो, पण नंतर गार होतं, स्वेटर हवाच.

उत्तर: शिवाय गुरुवारी दुपारी लिबर्टी स्ट्रीटला 'सॉनिक लंच' ही गाण्यांची मोफत मैफल. आम्ही पोळीभाजीचा डबा घेऊनच जातो.

प्रश्नकर्ती: बाबांना फक्त शास्त्रीय चालतं हो!

उत्तर: मग सेमिस्टरमध्ये बोलवायचं होतं! विद्यापीठाच्या संगीत विभागाचे बरेचसे कार्यक्रम मोफत असतात. आता विद्यापीठाच्या बर्टन टॉवर या मनोऱ्यातल्या घंटांवरचं संगीत ऐकवा.