‘सोडत’ हा शब्द सोडण्यातून आलाय की सोरटातून?

नौपाडेकरीण
आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या नोटिशीत मी ‘रविवारी सोडत’ असं लिहिलं तर दोघांनी येऊन विचारलं, काय सोडणार आहात? संध्याकाळपर्यंत त्यावर ‘लकी ड्रॉ’ची पट्टी चिकटली, खरंच वाईट वाटलं. म्हाडाची सोडत, सिडकोची सोडत, प्रभाग आरक्षणाची सोडत, पेपरात सारखा वाचतो आपण हा शब्द आणि आपल्याच दारात आला की परका होतो. माझं मत, हा ‘सोडणे’वरून आलेलाच नाही. पोर्तुगीजमध्ये ‘सोर्ते’ म्हणजे नशीब, त्याच्यामागे लॅटिन ‘सोर्स’ म्हणजे नशिबाची चिठ्ठी. आपलं सोरट त्यातलंच. जत्रेत पुठ्ठ्यावर कागदाच्या बारीक घड्या चिकटवलेल्या असायच्या, पैसे देऊन एक ओढायची, आतल्या आकड्यावर शिट्टी नाहीतर कंगवा, मला बहुतेक वेळा लिमलेटची गोळीच. सोरट आणि सोडत एकाच आईची लेकरं, फक्त ‘सोडणे’ आधीच तोंडात असल्यामुळे र चा ड झाला.

कळव्याचा मी
ताई, ओढूनताणून वाटतंय. एसटी जादा गाड्या सोडते, धरणातून पाणी सोडतात, तशी म्हाडा घरं सोडते. नशिबावर सोडून द्यायचं ती सोडत. अर्थ सरळ लागत असताना समुद्रापार कशाला जायचं?

नौपाडेकरीण
मग आपण सोडत ‘काढतो’ असं का म्हणतो? चिठ्ठी काढतो, सोरट काढतो, तशीच सोडत काढतो, सोडत सोडली असं कोणी म्हटलेलं ऐकलंय? आणि जादा गाड्या सुटल्या म्हणून गाड्यांची सोडत निघाली असंही कोणी म्हणत नाही. अर्थ नंतर जुळवून घेतलाय आपण.

वसईवाला
समुद्रापार जायची गरजच नाही दादा, पोर्तुगीज इथेच होते. वसई 1534 पासून 1739 पर्यंत त्यांच्याकडे, ठाण्याचा किल्लाही त्यांचाच, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला आणि आज तिथे सेंट्रल जेल आहे. तुरुंग हा शब्दसुद्धा त्यांच्या ‘त्रोंको’वरून आलाय. पगार, चावी, लिलाव सगळे त्याच वाटेने आले. लिलाव घेतला तर सोडत का नाही घेणार? कोकणीत अजून ‘सोर्त’ म्हणतात.

घणसोलीकर
म्हणजे सोडत पण बाहेरची आणि लॉटरी पण बाहेरची, मग एक मराठी आणि दुसरी इंग्रजी हे कुठलं गणित? सिडकोच्या 26,000 घरांच्या वेळी आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये ‘लॉटरी कधी आहे’ हेच चाललेलं, सोडत फक्त जाहिरातीत. लोक बोलतात तो शब्द खरा, माझी आई पण लॉटरीच म्हणते आणि तिचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे.

नौपाडेकरीण
तुमच्या आईंचा मान ठेवूनच सांगते, फरक आहे. राज्य लॉटरी 1969 पासून आहे, तिकीट घ्यायचं, नंबर लागला तर पैसे. घराच्या सोडतीत पैसे मिळत नाहीत, फक्त रांगेतला नंबर मिळतो आणि पैसे आपणच भरायचे. माझ्या सासऱ्यांचं घर असंच लागलं तेव्हा लोक ‘लॉटरी लागली, पेढे द्या’ म्हणायचे जसं काही फुकटच मिळालं, आणि ते पुढची पंधरा वर्षं हप्ते फेडत होते, शर्ट शिवायचा तरी दोनदा विचार करायचे. शाळेच्या आरटीई प्रवेशालाही लॉटरी म्हणतात तेव्हा मला तसंच लागतं, मुलाचा हक्क आहे तो, बक्षीस नाही.

कळव्याचा मी
पण सोरट तरी कुठे सोवळं? सोरटाच्या अड्ड्यावर धाड पडल्याच्या बातम्या अजून येतात, जुगारच तो. तुमच्याच हिशोबाने सोडत जुगाराची सख्खी बहीण झाली.

नौपाडेकरीण
झालीच ना, बहिणी एका घरातल्या असल्या तरी सासर वेगळं मिळतं. सोरट जत्रेत राहिलं, सोडत सरकारी कागदात गेली आणि तिथे तिला ‘सगळ्यांना सारखी संधी’ असा अर्थ चिकटला, तो मला सोडायचा नाही.

कळव्याचा मी
‘काढतात’वाला मुद्दा मात्र मला खोडता येत नाहीये, तेवढा मान्य. उगम अजून नाही पटलेला, ‘सोडणे’चा काहीतरी हात असणारच.

नौपाडेकरीण
हात आहेच, ड त्याचाच. नोटीस आत्ता परत लिहून आले: ‘रविवारी साडेसहाला सोडत निघेल, चिठ्ठी बी विंगमधली पहिलीतली मुलगी काढेल.’ ‘निघेल’ लिहिल्यापासून काय सोडणार असं कोणी विचारलेलं नाही.