परदेशातली ऐतिहासिक शहरे आणि गावे: मार्गदर्शकाबरोबर गटाने पाहावीत की एकट्याने?

पांथस्थ (मूळ लेख)

रोमच्या पँथिऑनवर, खांबांच्या वरच्या पट्टीवर, मोठ्या अक्षरांत कोरले आहे की ही वास्तू मार्कुस अग्रिप्पाने तिसऱ्यांदा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, असताना उभारली. लॅटिन वाचता येणारा एकटा प्रवासी तेवढे वहीत उतरवून पुढे जाईल आणि त्याची नोंद चुकलेली असेल. अग्रिप्पाची वास्तू आगीत गेली. आज उभी आहे ती सम्राट हेड्रियनच्या काळात, इ. स. १२६ च्या सुमारास पूर्ण झाली आणि तिच्यावर मूळ बांधणाऱ्याचेच नाव पुन्हा कोरले गेले. हा उलगडा झाला तो विटांवर उमटवलेल्या शिक्क्यांवरून. आमच्या अभ्यासगटाच्या मार्गदर्शक बाईंनी हे सगळे बाहेरच्या चौकात उभे राहून सावकाश सांगितले आणि आत शिरताना बजावले, की सगळे वर पाहतात, तुम्ही आधी पायांखाली पाहा. घुमटाच्या माथ्यावरचे गोल छिद्र उघडेच असल्याने पाऊस थेट आत पडतो. म्हणून फरशी किंचित फुगीर आहे आणि पाणी निचरून जावे यासाठी तिच्या मधल्या भागात बारीक भोके ठेवलेली आहेत. मी एकटा असतो तर त्या भोकांवर उभा राहून घुमटाचे फोटो काढत बसलो असतो, यात मला तिळमात्र शंका नाही.

म्हणून माझे मत असे आहे की परदेशातले ऐतिहासिक शहर पहिल्यांदा पाहायचे असेल, तर ते जाणकार मार्गदर्शकाबरोबर, लहान गटाने आणि निघण्यापूर्वी थोडे वाचन करूनच पाहावे. दहा दिवसांत सहा देश उरकणाऱ्या सहलींबद्दल मी बोलत नाही. एक विषय धरून, दोन किंवा तीन ठिकाणीच मुक्काम ठेवून केलेल्या अभ्याससहलींबद्दल बोलतो आहे. ही काही आजची टूम नाही. अठराव्या शतकात युरोपची सफर करणारे तरुण उमराव शिक्षकाला बरोबर घेऊनच निघत, आणि अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथ यांनीही ग्लासगो विद्यापीठातली जागा सोडून १७६४ ते १७६६ या काळात एका तरुण ड्यूकचा शिक्षक म्हणून फ्रान्समध्ये प्रवास केला होता. वेगळे मत असणाऱ्यांनी ते अवश्य मांडावे.

निवांत

तुमच्या उदाहरणापासूनच सुरुवात करतो. अॅडम स्मिथ यांनी तो प्रवास केला हे खरे. पण पुढे १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये त्यांनी याच प्रथेवर कडक टीका केली आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी परदेशी धाडलेला मुलगा एकविसाव्या वर्षी परततो तो अधिक गर्विष्ठ, अधिक उधळा आणि गंभीर अभ्यासाला अधिक नालायक होऊन, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्याने हे काम स्वतः केले त्याची ही साक्ष आहे.

आता माझा अनुभव. स्पेनमधल्या टोलेडोला मी प्रथम अशाच एका अभ्यासगटाबरोबर गेलो. सांता मारिया ला ब्लांका ही मुळात ज्यूंची प्रार्थनावास्तू, नंतर चर्च झाली. आतल्या पांढऱ्याशुभ्र नालाकृती कमानी मात्र थेट मशिदीतल्या वाटतात. एका धर्माने दुसऱ्याच्या कारागिरीत आपले देवघर का बांधून घ्यावे, हा प्रश्न मनात नुकता उमटत होता, तेवढ्यात गाइडचे बोलणे ऐकवणाऱ्या कानातल्या यंत्रातून ‘चला’ असा आवाज आला. आम्ही आत पंचवीस मिनिटेही नव्हतो.

दुसऱ्या वर्षी मी एकटा गेलो आणि तीन रात्री राहिलो. दिवसापुरते माद्रिदहून आलेले लोक संध्याकाळी परतले की ते शहर मोकळे होते. क्रिस्तो दे ला लूस या जुन्या मशिदीच्या दर्शनी भिंतीत विटांच्याच रचनेतून कूफी लिपीतला अरबी लेख साधलेला आहे, आणि त्यातले हिजरी वर्ष इ. स. ९९९ च्या अखेरीस सुरू होते. त्या लेखाचे भाषांतर मी आधीच वहीत उतरवून नेले होते. कोणती वीट पुढे काढली आहे, कोणती आत ढकलली आहे, एक अक्षर कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे बोटाने हवेत गिरवत मी तासभर समोरच्या कठड्यावर बसलो होतो. पँथिऑनवरचा लेख फसवतो हे मान्य. इथला लेख खरे सांगतो, आणि त्याला तासभर देण्याची मुभा कोणत्याही गटात मिळत नाही. माहिती पुस्तकात मिळते. वेळ विकत मिळत नाही.

सांजवात

निवांत यांनी स्मिथ यांचा दाखला दिला, पण त्यांची तक्रार होती ती कोवळ्या वयात घरापासून दूर धाडलेल्या मुलांबद्दल. आमच्या गटात साठीच्या आतले कोणीही नव्हते आणि बिघडण्याचे वय आम्ही केव्हाच मागे टाकले होते.

मी एकाहत्तर वर्षांची आहे, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि मला मराठी व कामापुरती इंग्रजी सोडून कोणतीही भाषा येत नाही. ‘एकटे जा आणि तीन रात्री राहा’ हा सल्ला देणाऱ्याने तो कोणासाठी आहे याचाही विचार करावा. मी बोस्नियातले मोस्तार पाहू शकले ते केवळ गटामुळे. नेरेत्वा नदीवरचा तिथला जुना पूल १५६६ मध्ये बांधून झाला, ९ नोव्हेंबर १९९३ रोजी युद्धात तोफांच्या माऱ्याने पाडला गेला आणि पुन्हा बांधून २००४ मध्ये खुला झाला. एवढे तर पुस्तकातही असते. पण आमच्यातच एक निवृत्त स्थापत्य अभियंता होते. त्यांनी मला हाताला धरून पुलाच्या चढावर थांबवले आणि समजावले, की हे दगड नुसते चुन्यावर तोललेले नाहीत. दोन दगडांना लोखंडी आकड्यांनी बांधून त्यांच्या खाचांत वितळलेले शिसे ओतलेले आहे, आणि नव्याने बांधतानाही तीच जुनी रीत वापरली आहे. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर बराच वेळ वाद रंगला, की हा पूल आता १५६६ चा म्हणायचा की २००४ चा. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला कारण टेबलाभोवती बारा डोकी होती.

निवांत

आपल्या वयाचा आणि अडचणींचा मी विचार करायला हवा होता. तेवढ्यापुरते माझे पहिले लिखाण एकांगी होते, हे मान्य करतो. तरीही मोस्तारवरूनच एक विचारतो. ज्या शहरात युद्ध पाहिलेली माणसे आजही राहतात, तिथे एकाच मार्गदर्शकाच्या तोंडून युद्धाची हकीकत ऐकली, तर ती नदीच्या कोणत्या तीरावरची हकीकत असते? गट ती ऐकतो, माना डोलावतो आणि घरी येऊन तोच इतिहास म्हणून सांगतो. एकटा माणूसही चुकतो, पण आपल्याला अर्धवटच ठाऊक आहे ही जाणीव त्याला सतत टोचत राहते. गटातल्या माणसाला सगळे कळल्याचे समाधान मिळते, आणि मला त्याचीच भीती वाटते.

सांजवात

आम्हाला दोन मार्गदर्शक होते, एक सकाळी आणि दुसरा दुपारी, आणि दोघांच्या सांगण्यात जिथे तफावत होती ती आमच्या संयोजकांनी संध्याकाळी मुद्दाम चर्चेला घेतली. सगळेच तसे करत नाहीत, हे खरे आहे.

ओसरी

आतापर्यंतची चर्चा शहरांभोवतीच फिरते आहे आणि शीर्षकातली ‘गावे’ बाजूला पडली आहेत. शहरांबाबत मी पांथस्थ यांच्या बाजूची आहे, पण गावांच्या बाबतीत माझा गटसहलींना विरोध आहे, मग त्या कितीही अभ्यासपूर्ण असोत.

ऑस्ट्रियातले हॉलस्टाट घ्या. जेमतेम साडेसातशे वस्तीच्या त्या गावात ऐन हंगामात एका दिवसात दहा हजारांपर्यंत माणसे येतात, बसगाड्यांना वेळा ठरवून द्याव्या लागल्या आहेत आणि २०२३ मध्ये रहिवाशांनी रस्त्यावर उतरून निषेध केला. आता यातला शिक्षणाचा भाग पाहू. युरोपातल्या लोहयुगाच्या पहिल्या पर्वाला, ढोबळमानाने इ. स. पू. ८०० ते ४५० या काळाला, पुरातत्त्वात या गावाचेच नाव आहे, कारण १८४६ पासून तिथल्या मिठाच्या खाणीचे अधिकारी योहान गेओर्ग रामसाउअर यांनी डोंगरातल्या उंच दरीत सुमारे हजार थडगी उकरून त्यांची बारकाईने नोंद केली. त्याच खाणीत मिठामुळे न कुजता राहिलेला लाकडी जिना सापडला, ज्याचे लाकूड इ. स. पू. १३४४ च्या सुमाराचे ठरले आहे. हे सारे वर डोंगरात आहे. मी ज्या गटाबरोबर गेले, त्याच्या पत्रकावर ‘लोहयुगाचे गाव’ असे छापलेले होते आणि आम्ही तळ्याकाठी पन्नास मिनिटे घालवून परतलो. वर कोणीही गेले नाही.

जपानमधल्या शिराकावा-गोची गोष्ट मला याहून अधिक लागली. तिथल्या ओगिमाची या गावातली उतरत्या गवती छपरांची घरे ही राहती घरे आहेत. १९७१ मध्ये गावकऱ्यांनी आपसांत ठरवले, की घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. छपराचे गवत ३० ते ४० वर्षांनी बदलावे लागते आणि ते काम एका कुटुंबाच्या आवाक्यातले नसल्याने सारा गाव एकमेकांच्या छपरावर चढतो. या देवाणघेवाणीला तिथे ‘युई’ म्हणतात. गाइडने हे सगळे बसमध्ये सांगितले, आणि छान सांगितले. खाली उतरल्यावर मात्र आमच्यातल्या दोघांनी काचेला कपाळ टेकवून एका घरात डोकावून पाहिले. आत एक आजी भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि उठून पडदा ओढून घेतला. तीस माणसे एकदम एखाद्याच्या अंगणात उभी राहिली, की त्या घराचे प्रदर्शन होते, आणि त्यातल्या प्रत्येकाने पुस्तके वाचलेली असली तरी फरक पडत नाही.

वाटाड्या

मी अनेक वर्षे टूर मॅनेजर म्हणून गट घेऊन जातो, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो, जी पैसे भरताना फारसे कोणी विचारत नाही. गटाबरोबर विमानतळापासून असतो तो टूर मॅनेजर. स्थळाची माहिती देणारा गाइड वेगळा. इटलीत गाइड हा परीक्षा देऊन मिळणाऱ्या परवान्याचा व्यवसाय आहे, त्यामुळे मला पँथिऑनबद्दल कितीही ठाऊक असले तरी तिथे गाइड म्हणून उभे राहून मी गटाला ते सांगू शकत नाही. ‘तज्ज्ञ सोबत’ अशी जाहिरात असेल, तर तो तज्ज्ञ प्रत्यक्ष स्थळावर बोलणार आहे की फक्त हॉटेलच्या सभागृहात, हे आधी विचारून घ्यावे.

संख्येबद्दल ओसरी यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. व्हेनिसने २०२४ पासून मार्गदर्शित गटांना २५ माणसांची मर्यादा घातली आणि ध्वनिवर्धकांवर बंदी आणली. माझ्या अनुभवात २५ देखील जास्तच आहेत. पंधराच्या पुढे गेले की मागची माणसे फक्त ऐकतात, पाहत नाहीत. कानातले यंत्र आले तेव्हा आम्हाला फार सोय वाटली. पण त्यामुळे माणूस गाइडपासून दूर, दुकानासमोर उभा राहूनही ‘ऐकतो’, आणि गाइड ज्या कमानीकडे बोट दाखवत आहे ती त्याला दिसतच नाही. निवांत यांची वेळेची तक्रारही रास्त आहे. कार्यक्रमपत्रिकेत रोजचे निदान तीन तास कोरे ठेवावेत यासाठी मी दर वर्षी भांडतो, आणि बहुतेक वेळा हरतो, कारण कोरी जागा दिसली की ग्राहकालाच आपले पैसे वाया गेल्यासारखे वाटते.

पांथस्थ

शहरांबद्दलचे माझे मत कायम आहे. गावांबद्दल मात्र ओसरी यांनी मला निरुत्तर केले आहे; पुढच्या वर्षाच्या आमच्या आखणीत तीन गावे होती, त्यातली दोन मी काढून टाकण्याचा आग्रह धरणार आहे आणि उरलेल्या एका गावात दोन रात्रींचा मुक्काम सुचवणार आहे.

एक अनुभव मात्र नोंदवतो. फ्रान्समधले ओरादूर-स्यूर-ग्लान हे गाव १० जून १९४४ रोजी नाझी सैनिकांनी जाळले आणि सहाशे चाळीसहून अधिक माणसे मारली. जळके गाव तसेच राखून ठेवलेले आहे. घरांच्या भिंती उभ्या आहेत आणि त्यांत गंजलेली शिवणयंत्रे आहेत. फाटकावर शांतता पाळण्याची सूचना आहे. आमच्या गाइडने सगळी हकीकत फाटकाबाहेर सांगितली, गळ्यातला माइक काढून पिशवीत ठेवला, आमची यंत्रे गोळा केली आणि सांगितले की इथून पुढे तुम्ही एकेकटे जा. निवांत म्हणतात ते आणि मी म्हणतो ते, दोन्ही तिथे एकाच वेळी घडले.

निवांत

त्या गाइडबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण फाटकाच्या आत तुम्हाला एकूण किती वेळ मिळाला?

पांथस्थ

चाळीस मिनिटे. मी चर्चपर्यंत पोहोचलो नाही.