बाबांच्या नावावरची गाडी, सैल हेल्मेट आणि संपत आलेला विमा

कराड_सातारा_रोज:
मी रोज कराडहून साताऱ्याच्या एमआयडीसीत जातो, हायवेने जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर होतात. गाडी १२५ सीसी, २०२१ साली बाबांच्या नावावर घेतलेली. तेव्हा काढलेला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) आता संपतोय. हेल्मेट शोरूमने दिलेलंच आहे. वारा लागला की मागे सरकतं आणि पट्टा गळ्याला काचतो, म्हणून पट्टा बऱ्याचदा नुसता लोंबत असतो. रविवारी बायको मागे बसते, तिच्याकडे हेल्मेट नाही.
चांगलं हेल्मेट घेतलं तर विमा स्वस्त होतो का? हेल्मेट नसताना अपघात झाला तर क्लेम नाकारतात का? आणि पूर्ण तोंड झाकणारं घ्यावं की फ्लिप-अप, म्हणजे हनुवटीचा भाग वर उचलता येणारं?

सांगलीची_माई:
दादा, आधी पट्टा लावायला लागा, मग बाकीचं वाचा.
तीन वर्षांपूर्वी आष्ट्याजवळ रात्री आमच्या ह्यांची गाडी घसरली. गळीत हंगाम चालू होता, कुणाच्या तरी ट्रॉलीतून पडलेला ऊस रस्त्यावर आडवा होता. हेल्मेट डोक्यावर होतं, पट्टा मोकळा. मी पोचले तेव्हा हेल्मेट दहा फुटांवर कडेच्या गवतात पडलं होतं आणि त्याच्यावर एक ओरखडा नव्हता. ह्यांच्या डोक्याला एकोणीस टाके. ते हेल्मेट हातात घेऊन मी कितीतरी वेळ तिथेच उभी होते. काचही फुटली नव्हती हो.
नंतर कागद काढले. आम्हाला वाटायचं, पंधरा लाखांचा विमा आहे, म्हणजे दवाखाना निघेल. एक रुपया मिळाला नाही, आणि नियमाने मिळणारही नव्हता. मालक-चालकाचा तो पीए कव्हर, म्हणजे वैयक्तिक अपघात विमा, मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी असतो. दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गेले तर पूर्ण रक्कम, एक गेला तर निम्मी. आयसीयूचं बिल त्यात बसत नाही. समोर दुसरी गाडी नव्हती, त्यामुळे थर्ड पार्टीतही मागायचं कुणाकडे? चार लाख साठ हजार आम्ही सोसायटीचं कर्ज काढून भरले.
आता तुमचं. गाडी बाबांच्या नावावर आहे ना? मग पीए कव्हर बाबांचा. ज्याच्या नावावर गाडी, ज्याचं नाव पॉलिसीत आणि ज्याच्याकडे लायसन्स, त्यालाच तो लागू होतो. रोज शंभर किलोमीटर चालवणारे तुम्ही, आणि कव्हर घरी बसलेल्या माणसाला. एकतर गाडी स्वतःच्या नावावर करून घ्या, नाहीतर स्वतःची वेगळी अपघात पॉलिसी काढा, दवाखान्याचा खर्च देणारी. २०२१ ची पॉलिसीही नीट बघा. पुष्कळ जणांचा थर्ड पार्टी पाच वर्षांचा असतो आणि पीए कव्हर एकाच वर्षाचा. तो कधीच संपलेला असतो आणि घरात कुणाला पत्ता नसतो. मागे बसणाऱ्यासाठी अ‍ॅड-ऑन वेगळा मिळतो, वहिनींसाठी विचारून घ्या.
हेल्मेटमुळे हप्ता कमी होत नाही. थर्ड पार्टीचा दर सीसीवर ठरतो, ७५ ते १५० सीसीला जून २०२२ मध्ये वर्षाला ७१४ रुपये ठरला, वर जीएसटी. स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात गाडीची किंमत, वय आणि शहर बघतात. क्लेम केला नाही तर पहिल्या वर्षी २० टक्के, पुढे वाढत ५० टक्क्यांपर्यंत नो क्लेम बोनस, म्हणजे त्या हप्त्यात सूट मिळते. डोकं कसं जपता हे कुणी विचारत नाही.

बेळगाव_हेल्मेटवाला:
माईंनी सांगितलं ते दुकानात मी रोज सांगतो. सरकणारं हेल्मेट म्हणजे माप चुकलेलं. भुवयांच्या वर बोटभर टेप धरून डोक्याचा घेर मोजा. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. हेल्मेट धरून डावी-उजवीकडे हलवलं तर गालाची कातडी बरोबर सरकायला हवी. पट्टा लावून मागून वर ढकला. निघून आलं तर ते परत ठेवा, कितीही आवडलेलं असो. नवं असताना जरा आवळ वाटतं, आतली गादी नंतर बसते.
हायवेला पूर्ण तोंडाचंच घ्या. पडताना हनुवटी आपटते, अर्ध्या हेल्मेटात ती उघडी राहते. फ्लिप-अप चष्मेवाल्यांना सोयीचं, पण बिजागरीमुळे जड, आणि पुष्कळ जण ते वर करूनच चालवतात.
आयएसआयचा शिक्का बघून थांबू नका, नकली स्टिकर ढिगाने मिळतात. शिक्क्याजवळ सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीचा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपवर टाका. कंपनीचं नाव जुळलं पाहिजे. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाद. आतला थर्माकोलसारखा थर दबून धक्का खातो, तो पुन्हा फुगत नाही. बाहेरून चकाचक दिसलं तरी.

वकिलांकडचा_कारकून:
क्लेमबद्दल. थर्ड पार्टीत हेल्मेट नव्हतं एवढ्यावर दावा उडत नाही. पण डोक्याला मार असेल तर समोरच्या गाडीच्या विमा कंपनीचा वकील तुमचाही निष्काळजीपणा होता म्हणून भरपाईत कपात मागतो. त्यावर आम्ही २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवतो. गाडीवर तिघे होते म्हणून आपोआप दोष येत नाही, त्याचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध दाखवावा लागतो, असं त्यात आहे. अडचण अशी की डोक्याच्या इजेत हेल्मेटचा संबंध दाखवणं त्यांना सोपं जातं. पट्टाही त्यातच आला, कायद्यात हेल्मेट नीट बांधलेलं असावं असंच लिहिलंय. केंद्राच्या मोटार वाहन कायद्यात दंड १००० रुपये आणि तीन महिने लायसन्स बाद, तेही आहेच.

कराड_सातारा_रोज:
माई, रात्री पॉलिसी काढून बघितली. पीए कव्हर एकाच वर्षाचा होता, २०२२ लाच संपलाय. म्हणजे चार वर्षं बाबांचाही कव्हर नाही, आणि माझा तर कधीच नव्हता. बाबांना सांगितलं, त्यांनी काही न बोलता आरसी बुक काढून दिलं. गाडी माझ्या नावावर करायला सोमवारी फॉर्म २९ आणि ३० घेऊन आरटीओत जातोय. माझा घेर ५८ भरला, बायकोचा ५५. तिचंही पूर्ण तोंडाचंच घेणार आहे.

सांगलीची_माई:
दोन्ही घेताना तिला बरोबर न्या, घालून बघू द्या. आणि पट्टा लागल्याचा टिक आवाज आला की मगच गाडी काढा.