विषय: मरीनातून दुरुस्त होऊन आलेली बोट पुन्हा तापते आहे

प्रेषक: सभासद, सेंट क्लेअर सरोवर, मिशिगन
दिनांक: ८ जून

सर्व सभासदांस,
स. न. वि. वि.

मंडळाच्या या यादीवर एरवी गणेशोत्सवाची वर्गणी आणि हॉलचे भाडे यांचीच चर्चा असते, त्यामुळे बोटीच्या इंजिनाविषयी लिहिताना संकोच वाटतो. परंतु मागच्या सहलीत आपल्यापैकी पाच-सहा कुटुंबांकडे बोट असल्याचे, किंवा पूर्वी होती असे कळले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी मी एकोणीस फुटी जुनी बोट विकत घेतली. तिला ४.३ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत आणि पंखा फिरवणारा भाग मागे बाहेर, अशी रचना) आहे. थंडीपूर्वी ब्लॉकमधील पाणी काढणे, अँटिफ्रीझ भरणे, पेट्रोलच्या टाकीत स्टॅबिलायझर घालणे ही सर्व कामे मी मरीनाकडेच, म्हणजे बोटी ठेवण्याच्या आणि दुरुस्तीच्या तळाकडेच, दिली होती. तरीही मे महिन्यातील पहिल्याच फेरीत तापमानाचा काटा वर गेला. मरीनाने इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतले रबरी पात्यांचे चक्र) बदलला आणि ४१० डॉलर घेतले. आता धक्क्याजवळ सावकाश चालवताना काहीही तक्रार नसते, परंतु मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर दहा-पंधरा मिनिटे चालवली की काटा पुन्हा चढू लागतो. दोन्ही बाजूंचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारे, पाण्याने थंड होणारे ओतीव भाग, बदलावेत, असे मरीनाचे आता म्हणणे आहे. अंदाजपत्रक २,६०० डॉलरचे आहे आणि नंबर लागायला तीन आठवडे आहेत. होकार द्यावा की थांबावे, हे मला ठरवता येत नाही. आपापल्या मरीनाचे अनुभव कळवल्यास उपकृत होईन.

आपला नम्र,
एक नवखा बोटमालक


प्रेषक: सभासद, गंगापूर रोड, नाशिक
दिनांक: ९ जून

स. न. वि. वि.

मी नाशिकला परतलो त्याला सात वर्षे झाली, पण यादीतून नाव काढून घेतले नव्हते. आज त्याचा उपयोग झाला. नवीन सभासदांना माहीत नसेल म्हणून सांगतो, परदेशी येण्यापूर्वी मी सातपूरच्या त्या कारखान्यात डिझेल इंजेक्टरच्या विभागात होतो, ज्याला पाटीवरचे नाव बदलून इतकी वर्षे झाली तरी नाशिककर मायकोच म्हणतात. पुढे तुमच्याच सरोवरावर अकरा वर्षे माझीही बोट होती.

मॅनिफोल्डची ऑर्डर तूर्त देऊ नका. आधी मरीनाला एवढेच विचारा की काढलेला जुना इम्पेलर कोठे आहे आणि त्याची किती पाती शाबूत होती.

असे विचारण्याचे कारण थोडे विस्ताराने सांगावे लागेल. तुमच्या पंपात रबराचे एक चक्र असते. त्याची पाती पंपाच्या घराच्या (कवचाच्या) भिंतीला घासत, वाकत आणि पुन्हा सरळ होत सरोवराचे पाणी वर ढकलतात. हे रबर पाण्यानेच थंड आणि ओले राहते, त्यामुळे पंप कोरडा फिरला तर अगदी थोड्या वेळात पाती जळतात किंवा तुटतात. तुटलेले तुकडे तेथेच पडून राहत नाहीत, ते पाण्याबरोबर पुढे जातात. अशा बऱ्याच बोटींत पंपाकडून आलेली नळी प्रथम पॉवर स्टिअरिंगच्या कूलरमध्ये जाते आणि तेथे पाण्याची वाट एकदम अरुंद होते. तुकडे बरोबर त्या तोंडाशी अडकतात. मग नवा इम्पेलर कितीही चांगला असला तरी त्याच्यापुढची वाट अर्धी बुजलेली असते. इंजिन मंद चालते तेव्हा उष्णता थोडी निर्माण होते आणि जेमतेम येणारे पाणीही पुरते. वेग वाढला की उष्णता वाढते, पाणी मात्र तितक्या प्रमाणात वाढू शकत नाही. तुमचे लक्षण तंतोतंत हेच आहे. शिवाय ते सरोवर उथळ आहे, सरासरी खोली साडेतीन मीटरसुद्धा भरत नाही, आणि उन्हाळ्यात तेथे पाणवनस्पती किती माजतात हे मी पाहिलेले आहे. ते गवतही त्याच तोंडाशी गोळा होते. मी स्वतः एक संपूर्ण मोसम आधी थर्मोस्टॅट, मग तापमानाचा सेन्सर असे बदलत पैसे घालवले आणि शेवटी ती नळी सोडली, तेव्हा आतून गवताचा बोळा निघाला.

नळी सोडून पाहण्याचे काम पंधरा मिनिटांचे आहे. मात्र ते बोट ट्रेलरवर असतानाच करावे. पाण्यात उभ्या असलेल्या बोटीची ही नळी सोडली तर सरोवर बोटीत येऊ शकते.

आता मरीनाविषयी. त्यांनी तुम्हाला फसवले असे मी म्हणणार नाही. मे महिन्यात त्यांच्या अंगणात शेकडो बोटी एकदम जाग्या होतात, मेकॅनिक मोजके असतात, आणि कारण शोधण्याच्या तासांपेक्षा सुटा भाग बदलण्याच्या तासांचे बिल करणे सर्वांनाच सोपे जाते. परंतु इम्पेलर बदलणाऱ्याने जुन्याची पाती मोजली नाहीत, किंवा मोजून तुकडे शोधले नाहीत, तर त्याने अर्धेच काम केले असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्याकडे स्कूटरची क्लच केबल बदलली तरी गॅरेजवाला जुनी केबल कागदात गुंडाळून हातात ठेवतो. तो हे आपला संशय फेडण्यासाठी करतो, हे खरे. तरीही त्या पुडीमुळे काय झिजले आणि कोठे झिजले हे मालकाच्या डोळ्यांना दिसते. परदेशात आपण ही सवय का सोडतो, हे मला आजवर समजलेले नाही. बहुधा तेथे छापील बिल मिळते, म्हणून.

नाशिकला मरीना नाही. बोट उचलणारी क्रेन नाही, बोटीच्या इंजिनाचा खास मेकॅनिकही जवळपास नाही. ज्या जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कल्स या एकट्याने वल्हवण्याच्या शर्यतीत तेराव्या क्रमांकापर्यंत गेला, तेथे बोट म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे वल्हीच येतात. परंतु गंगापूर धरणाच्या जलाशयावर सराव करणाऱ्या मुलांच्या मागोमाग प्रशिक्षकाची एक लहान मोटरबोट असते, आणि अशाच एका बोटीच्या आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या) इंजिनाची जबाबदारी, कोणी दिली नसताना, माझ्याकडे आली आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर ते इंजिन सुरू झाले खरे, पण पाच मिनिटांत तापल्याचा भोंगा वाजू लागला. सातपूरच्या एका गॅरेजने कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले, आणि तक्रार तशीच राहिली. मी जाऊन पाहिले तर इंजिनाच्या मागून पाण्याची जी बारीक धार पडत राहायला हवी, ती नुसती ठिबकत होती.

गोदावरीला पूर आला की आम्ही नाशिककर पाटबंधारे खात्याचे आकडे नंतर वाचतो. नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी आले की छातीपर्यंत, हे आधी विचारतो. आउटबोर्डची ती धार हा तसाच मारुती आहे. काटा चढण्याच्या किती तरी आधी ती बोलते, फक्त मागे वळून पाहावे लागते.

पंप उघडला तेव्हा इम्पेलर तुटलेला नव्हता. चार महिने एकाच स्थितीत पडून राहिल्याने त्याची पाती वाकलेल्या अवस्थेतच ताठ झाली होती, आणि आधीच्या मोसमातील गढूळ पाण्याच्या रेतीने घराची भिंतही ओरखडली होती. गॅरेजच्या मालकाने मोठ्या उत्साहाने साध्या रबराचा एक इम्पेलर तयार करून आणला. नाशिकच्या अंबड आणि सातपूर या कारखान्यांच्या भागांत काय वाटेल ते करून मिळते, याचा आम्हाला अभिमान आहे. पण तो इम्पेलर अर्ध्या तासात सैल पडला आणि अखेर मुंबईहून मूळ भाग मागवावा लागला.

यातून माझी अशी धारणा झाली आहे की बोटीचे इंजिन चालून जितके झिजते, त्याहून अधिक ते उभे राहून बिघडते. तुमच्याकडे हिवाळा जे करतो ते येथे पावसाळा करतो. तुमच्या ब्लॉकमध्ये पाणी राहिले तर गोठताना ते सुमारे नऊ टक्के फुगते आणि ओतीव लोखंडाला तडा जातो. येथे तडा जात नाही, पण पेट्रोलमधील इथेनॉल दमट हवेतील ओलावा शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून सुटे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. तुमच्याकडे इथेनॉल साधारणपणे दहा टक्के असते, आमच्याकडे आता वीस टक्क्यांपर्यंत आहे. त्यामुळे जूनमध्ये टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करणे मी सक्तीचे केले आहे. जाता जाता आणखी एक. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे आणि दर तीनशे मीटरला इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी घटते. समुद्रकिनाऱ्याच्या हिशेबाने निवडलेला बोटीचा पंखा (प्रोपेलर) येथे इंजिनाला जड जातो, आणि त्याच्या पूर्ण फेऱ्या होत नाहीत याचे खापर मग भलत्याच भागावर फुटते.

नळी सोडून पाहा आणि कळवा.

आपला,
नाशिकचे काका


प्रेषक: सभासद, टॅम्पा, फ्लोरिडा
दिनांक: १० जून

काकांना सादर नमस्कार, इतरांना सप्रेम नमस्कार.

नळी आधी सोडून पाहावी, हे मला मान्य आहे. परंतु मॅनिफोल्डचा प्रश्न काकांनी गोड्या पाण्याच्या अनुभवावरून थोडा हलका केला, असे वाटते. खाऱ्या पाण्यात थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणारे मॅनिफोल्ड आणि रायझर आतून गंजतात, आणि आमच्याकडे पाच-सहा वर्षांनंतर त्यांच्यावर विश्वास ठेवीत नाहीत. भिंत खाल्ली गेली की पाणी एक्झॉस्टमार्गे सिलिंडरमध्ये उतरते. पाणी दाबले जात नसल्याने स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि मग २,६०० डॉलर ही रक्कम स्वस्त वाटू लागते. तुम्ही बोट जुनी घेतलेली आहे. ती पूर्वी समुद्रात चाललेली आहे का, हे आधीच्या मालकाकडून विचारून घ्या. मरीनानेही हा प्रश्न विचारायला हवा होता.

माझा स्वतःचा अनुभव मात्र वेगळ्याच प्रकारचा आहे. येथील एका मरीनाने माझ्या बोटीचा बिघडलेला स्टार्टर बदलून दिला. काम एका दिवसात झाले, बिलही अपेक्षेपेक्षा कमी आले, आणि त्या आनंदात मी काही विचारले नाही. पुढे दुसऱ्या मेकॅनिकने दाखवले की बसवलेला स्टार्टर मोटारीचा होता. दिसायला दोन्ही सारखेच असतात, परंतु बोटीच्या स्टार्टरची आणि अल्टरनेटरची रचना आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोहोचू नये अशी केलेली असते. मोटारीच्या बॉनेटखाली वारा खेळतो; बोटीचे इंजिन बंद पेटीत असते आणि हवेपेक्षा जड असलेली पेट्रोलची वाफ तळाशी साचते. सुरू करण्यापूर्वी किमान चार मिनिटे ब्लोअर (ती वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवावा, अशी सूचना बोटीवर लावलेली असते, ती याचसाठी. आमची मुले त्या पेटीवर गादी टाकून बसत असत.

म्हणून माझी विनंती अशी की जुना भाग तर मागावाच, पण बसवलेल्या नव्या भागाचा क्रमांकही बिलावर लिहून घ्यावा.

आपली,
टॅम्पाकर


प्रेषक: सभासद, सेंट क्लेअर सरोवर, मिशिगन
दिनांक: १५ जून

काका आणि ताई, दोघांचेही मनःपूर्वक आभार.

शनिवारी बोट ट्रेलरवर घेऊन नळी सोडली. कूलरच्या तोंडाशी काळ्या रबराचे तीन तुकडे आणि त्यांना गुंडाळलेले गवत निघाले. ते काढून काल चाळीस मिनिटे बोट वेगात चालवली आणि काटा जागेवरून हलला नाही. पूर्वीचा मालक ही बोट केवळ ईरी या गोड्या पाण्याच्या सरोवरावरच वापरत असे, असे त्याने लेखी कळवले आहे. तरीही ताईंच्या सांगण्याप्रमाणे शरद ऋतूत एका बाजूचा रायझर काढून आतील भिंत पाहणार आहे.

मरीनाकडे जुना इम्पेलर मागितला असता, तो त्याच दिवशी कचऱ्यात गेल्याचे सांगण्यात आले. इम्पेलर बदलण्याचे काम दिले होते, ते पूर्ण केले, असे तेथील फोरमनचे म्हणणे पडले. बिलातून काहीही कमी झाले नाही. मॅनिफोल्डचे अंदाजपत्रक मात्र त्यांनी न कुरकुरता मागे घेतले.

आपला नम्र,
आता थोडा कमी नवखा


प्रेषक: सभासद, गंगापूर रोड, नाशिक
दिनांक: १६ जून

वाचून बरे वाटले, पण काम संपले असे समजू नका. जुना इम्पेलर हाती नसल्याने एकूण किती पाती तुटली होती हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि तीन तुकडे निघाले म्हणजे तीनच होते असे होत नाही. एखादा लहान तुकडा कूलर ओलांडून पुढे गेला असल्यास तो थर्मोस्टॅटच्या घरात सापडेल. सवडीने तेही उघडा. उघडण्यापूर्वी तेथील गॅस्केट (सांध्यातून गळती रोखणारी चकती) नवे आणून ठेवा, कारण जुने एकदा सुटले की पुन्हा नीट बसत नाही. सापडलेले तुकडे जवळ जवळ मांडून त्यांतून किती पाती पूर्ण होतात ते पाहा, आणि शक्य असल्यास छायाचित्र यादीवर पाठवा.

येथे त्र्यंबककडे पाऊस सुरू झाला आहे. मुलांच्या बोटीचे इंजिन मी परवा उतरवून घेतले, टाकी रिकामी केली आणि इम्पेलर काढून घरी आणून ठेवला आहे. तो स्वयंपाकघरातील डब्यांच्या रांगेत का आहे, असे सौ. सकाळपासून विचारीत आहेत.

आपला,
नाशिकचे काका