गोळी घेणारा आळशी नसतो

वर एकांनी लिहिलंय, की परीक्षेच्या दिवसांत जागं राहायला गोळ्या घेणारी मुलं आळशी असतात. मला नाही पटलं. माझा रूममेट मिथाइलफेनिडेट घ्यायचा तेव्हा रोज पहाटे तीनपर्यंत वाचत बसायचा. (हे एडीएचडीवरचं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकारावरचं औषध. ज्यांना ते डॉक्टरांनी दिलंय त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये.) जेवणाचं ताट तसंच झाकलेलं, आणि पेन धरलेला हात थरथरतोय, हे रोजचं झालं होतं. भूक मरते, छाती धडधडते, झोप उडते; आणि वाचलेलं डोक्यात पक्कं बसायला तर झोपच हवी असते.

कॉफीनंही थकवा जात नाही, नुसता जाणवेनासा होतो. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॅफिनपैकी साधारण निम्मं रात्री अकरालाही अंगात असतं.

आम्ही चौघं एकाच मजल्यावर राहायचो, पण कितीतरी दिवस कुणीच त्याला काही विचारलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी एका रात्री मी म्हटलं, "नापास झालास तर घरी सांगायला मी येतो तुझ्याबरोबर." तो खूप रडला, मग झोपला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं समुपदेशकांकडे गेलो.