आरएक्स १००: ऑटोल्यूब पंप ठेवायचा की काढून पेट्रोलमध्येच ऑइल टाकायचं? (गाडी चालवणाऱ्यांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

दारव्हा टू-स्ट्रोक

माझं मत आधीच सांगतो. गावाकडे रोज चालणाऱ्या यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटरसायकलचा ऑटोल्यूब, म्हणजे वेगळ्या टाकीतून इंजिनला ऑइल देणारा पंप काढावा आणि टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं.

ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात निघाली. म्हणजे सगळ्यात नवी गाडीही आज ३० वर्षांच्या आसपास आहे. पंप फिरवणारा गिअर प्लास्टिकचा, आतले सील रबरी, नळ्या रबरी. थ्रॉटलची (अॅक्सिलरेटरची) केबल मध्येच दोन फाट्यांत विभागते, एक फाटा कार्बोरेटरला आणि दुसरा पंपाला जातो. यातलं एक जरी बिघडलं तरी ऑइल थांबतं, पण पेट्रोल चालूच राहतं. चालवणाऱ्याला काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा पिस्टन धरलेला (सिलिंडरमध्ये घट्ट अडकलेला) असतो. मग बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठा करणं. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, बाजारात पिस्टन मिळतात ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी मोठे. म्हणजे चार चुका झाल्या की ब्लॉक संपला. मूळ ब्लॉक आता सहज मिळत नाही.

मिसळायचं प्रमाण सोपं आहे. लिटरला ३० मिली, म्हणजे साधारण १:३३. तीन लिटरला ९० मिली. नवीन पिस्टन बसवला असेल तर पहिले काही दिवस लिटरला ५० मिली. ऑइल जासो (जपानी दर्जा) एफसी किंवा एफडीचंच घ्या, सुटं घेऊ नका. आधी ऑइल पेट्रोलच्या टाकीत ओता, मग त्यावर पेट्रोल भरा. उलटं केलं तर ऑइल जड असल्यामुळे खाली बसतं आणि कॉकच्या तोंडाशी जमा होतं.

पंप काढताना लोक एक चूक हमखास करतात. इनटेकजवळ जिथे ऑइलची नळी येते ते तोंड उघडं राहतं, किंवा त्यावर रबराची टोपी दाबून देतात. टोपी उन्हात तडकली की तिथून हवा ओढली जाते, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन तरीही धरतो. तिथे पितळेचा प्लग बसवा किंवा ते तोंड ब्रेझ करून घ्या. पंपाच्या जागी ३ मिमी अॅल्युमिनिअमची पट्टी आणि गॅस्केट लावा, नाहीतर गिअर ऑइल गळेल.

परतवाडा घाट

दारव्हा भाऊ, पितळी प्लगचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण मूळ सल्ला मला चुकीचा वाटतो आणि तो घाटात महागात पडेल.

चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना थ्रॉटल बंद असतो, गाडी तिसऱ्या गिअरला इंजिनच्या अडसरावर उतरते. आरपीएम चांगलेच चढलेले असतात. पेट्रोल जवळजवळ जात नाही. तुमचं ऑइल पेट्रोलमध्ये आहे, मग पेट्रोल नाही तर ऑइलही नाही. खालच्या बेअरिंगला आणि पिस्टनला त्या वेळी काय मिळतं? ऑटोल्यूब पंप इंजिनवर फिरतो. थ्रॉटल बंद असला तरी तो आपल्या किमान स्ट्रोकवर (सर्वांत कमी मात्रेवर) आरपीएमप्रमाणे थेंब देत राहतो. यामाहाने ही पद्धत १९६४ साली वायए-६ या मोटरसायकलमध्ये आणली. थ्रॉटल आणि आरपीएम या दोन्हींवर ऑइल ठरावं, हाच तिचा मुद्दा होता.

दुसरी बाजू आयडलची, म्हणजे थ्रॉटल न देता चालू ठेवलेल्या इंजिनची. १:३३ चं मिश्रण आयडललाही १:३३ च राहतं. आठवडी बाजारात गाडी चालू ठेवून कोणी बोलत उभं राहिलं की स्पार्क प्लग ओला, सायलेन्सर काळा. पंप असेल तर आयडलला ऑइल कमी जातं, पूर्ण थ्रॉटलला जास्त. पीयूसीलाही त्याने फरक पडतो.

आणि गाडी घरात एकटा माणूस चालवत नाही. भाचा येतो, साळा येतो, पेट्रोल पंपावर जातो आणि साधं पेट्रोल भरून आणतो. पंप असलेल्या गाडीत ऑइलची टाकी विसरली तरी ती बरेच दिवस पुरते. मिश्रणाच्या गाडीत एक चूक म्हणजे त्याच दिवशी इंजिन गेलं.

दारव्हा टू-स्ट्रोक

घाटाचं मान्य. उतरताना दर थोड्या अंतराने क्लच दाबून एकदा रेस द्यावी, हा त्यावरचा जुना उपाय आहे. पण यवतमाळ जिल्ह्यात बहुतेक गाड्या वावरात आणि पांदण रस्त्यावर चालतात. मागे सोयाबीनचं पोतं, दुसरा गिअर, अर्धा थ्रॉटल, एप्रिल-मेमधलं ४४-४५ अंशांचं ऊन. तिथे थ्रॉटल उघडाच असतो. पंपाची केबल पाव इंच सैल असेल तर याच स्थितीत ऑइल कमी पडतं.

भाच्याच्या चुकीवर उपाय म्हणून टाकीच्या झाकणावर रंगाने मोठं लिहावं: "ऑइल टाकूनच". हे करायला लाज वाटू नये.

आर्णी रोड मिस्त्री

भाऊ, पंप काढाच्या आधी एक पाहजा. दहा गाड्यांत धूर मारते म्हून लोक पंपाले दोष देतात, अन् त्यातल्या कितीकांत पंप चांगला असते.

गिअर ऑइल आपोआप कमी होत असन अन् धूर दाट पांढरा असन, तं उजव्या बाजूचा क्रँकचा (इंजिनच्या फिरत्या दांड्याचा) सील गेला. इंजिन गिअरबॉक्सातलं ऑइल पिऊन राह्यलं. डाव्या, मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला तं उलटं होते. तिकून हवा घुसते, आयडल चढते, उतरत नाई, अन् पिस्टन धरते. पंप काढून सील तसाच ठेवला तं पिस्टन पुन्हा धरन. मंग म्हनसान का मिक्स ऑइल वाईट हाय.

अन् रात्रभर उभी राह्यल्यावर सकाळी पयल्या किकलेच धुराचा लोट निंगते, मंग दोन मिनिटांत साफ होते, तं पंपातला चेक बॉल (ऑइल अडवनारी गोळी) बसून नाई राह्यला. ऑइल टाकीतून हळूहळू क्रँककेसात उतरते. पंप खोलून पेट्रोलनं धुजा, बॉलची जागा साफ करजा, स्प्रिंग पाहजा. याच्यासाठी पंप फेकाची गरज नाई.

वणी ९८ सीसी

मी दारव्हाच्या बाजूने. कारण साधं आहे, सुटे भाग. आज बाजारात मिळणारे पंपाचे किट, गिअर आणि केबल यांत खरं-खोटं ओळखणं फार कठीण. केबलच्या लांबीत ४-५ मिमीचा फरक असतो. मूळ पंप जुना झाला की त्याला विश्वासाचा पर्याय नाही. मिश्रणात मात्र बिघडायला भागच उरत नाही. बाहेरही अनेक जण हेच करतात. मझदाच्या आरएक्स-७ या रोटरी इंजिनच्या गाड्या जपणारे काही लोकही ऑइल मीटरिंग पंप काढून पेट्रोलमध्ये टू-टी टाकतात, आणि त्याने सील चांगले टिकतात असं सांगतात. ते इतकी महाग इंजिनं सांभाळताना करतात तर आपण का नाही?

परतवाडा घाट

वणी भाऊ, हे उदाहरण इथे लागू होत नाही, आणि ते नीट समजून घेणं गरजेचं आहे. रोटरी इंजिनात पिस्टन नसतो, तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या टोकांवरच्या अपेक्स सीलला वंगण लागतं, म्हणून मझदाचा मीटरिंग पंप सम्पमधलं (इंजिनच्या तळाशी साठलेलं) इंजिन ऑइल थोडं थोडं आत सोडतो. ते ऑइल फोर-स्ट्रोक इंजिनचं, जळण्यासाठी बनवलेलंच नाही. जळल्यावर राख आणि कार्बन मागे राहतो. म्हणून ते लोक म्हणतात, जळायचंच असेल तर जळण्यासाठी बनलेलं टू-टी पेट्रोलमधून द्या.

आपला ऑटोल्यूब पंप सम्पातून किंवा गिअरबॉक्समधून काही ओढत नाही. त्याची टाकी वेगळी, त्यात टू-टीच असतं. म्हणजे त्यांची अडचण आपल्याकडे मुळात नाहीच. त्यांच्यातही काही जण वेगळी टाकी जोडून मीटरिंग पंपाला टू-टी देतात. म्हणजे त्यांना हवी असलेली गोष्ट यामाहाने आपल्याला आधीच देऊन ठेवली आहे.

सुट्या भागांचं मात्र खरं आहे. त्यासाठी भाग घेताना जुना शेजारी ठेवून मोजा. गिअरचे दात मोजा. केबलमध्ये आतली तार बाहेर किती येते ते मोजा.

मेहकर तीनशेपन्नास

राजदूत ३५० वाल्यांसाठी एवढंच. दोन सिलिंडर, एकाच पंपातून दोन नळ्या. एक नळी कचऱ्याने बंद झाली तर एकच पिस्टन धरतो आणि दुसरा ठणठणीत राहतो. एकाच बाजूचा पिस्टन दोनदा धरला असेल तर बोअरिंगवाल्याला दोष देण्याआधी त्या बाजूची नळी काढून ऑइल येतं का पाहा. या गाडीला मी पंपच ठेवीन, पण दोन्ही नळ्या दर हंगामाला तपासून.

वर्धा काठ

वाद मतांवर चालला आहे, पण पंप चांगला आहे की नाही हे मोजून ठरवता येतं. ऑइलच्या टाकीत काठोकाठ एका खुणेपर्यंत ऑइल भरा. पेट्रोल मोजून भरा. रोजच्यासारखी शंभरेक किलोमीटर गाडी चालवा. मग औषधाच्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत ऑइल भरताना मिली मोजा. अडीच लिटर पेट्रोलला ६० मिली ऑइल लागलं तर प्रमाण सुमारे १:४२ झालं, म्हणजे पंप काम करतो आहे. ६० ऐवजी १५ मिलीच लागलं तर गाडी थांबवा, तो दिवस नशिबाचा समजा. तपासाच्या वेळी पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली मिसळून ठेवा, म्हणजे पंप बंद असला तरी इंजिन वाचतं.

पंप जोडल्यावर हवा काढायची पायरी बरेच जण गाळतात. पंपावरचा ब्लीड स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून अखंड ऑइल येईपर्यंत वाट पाहा, मग घट्ट करा. नंतर इंजिन आयडलला ठेवून पंपाची पुली बोटाने पूर्ण ओढून धरा, म्हणजे पुढच्या नळीतली हवाही निघते. धूर वाढला की समजा ऑइल पोहोचलं. या वेळीही टाकीत मिश्रित पेट्रोलच हवं. शेवटी मॅन्युअलमध्ये थ्रॉटलच्या ज्या जागेवर सांगितलं आहे, तिथे पुलीवरची खूण पिनेसमोर आणा.

आता दारव्हा भाऊंसाठी प्रश्न. पेट्रोल पंपांवर ई-२० पेट्रोल आहे, त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी धरतं. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी, आतून गंजलेली, रात्री दव. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली वेगळा थर होतो, आणि कॉक तळाशीच असतो. त्या थरात तुमचं टू-टी जवळपास नसतं, ते वर पेट्रोलमध्ये राहतं. म्हणजे ऑइल टाकूनही इंजिनला ऑइल नाही. यावर उपाय काय?

दारव्हा टू-स्ट्रोक

हा मुद्दा माझ्या मनात नव्हता आणि तो खरा आहे. उपाय इतकाच की पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा, गाडी आठवड्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, आणि काचेच्या बाटलीत थोडं काढून थर दिसतो का ते पाहा. थर दिसला तर ते पेट्रोल इंजिनला देऊ नका. उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवा. नाहीतर फ्लोट बाउलमधलं पेट्रोल उडून ऑइलचा चिकट थर राहतो आणि पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) बुजतं.

ई-२० वर मूळ जेटने मिश्रण पातळ होतं, हे मात्र ऑइल पंप ठेवणाऱ्यांनाही लागू आहे. मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) एक नंबर वरचा लावा आणि पूर्ण थ्रॉटलला चालवून, क्लच दाबून, इंजिन बंद करून स्पार्क प्लग पाहा. कॉफीसारखा तपकिरी हवा. पांढरा असेल तर थांबा.

माझं मत मी थोडं आवरतो. ज्याची गाडी महिन्यात चार दिवस चालते त्याने पंप ठेवावा. रोज चालते, रोज ताजं पेट्रोल पडतं आणि भरणारा माणूस एकच आहे, तिथे मी अजूनही पंप काढायलाच सांगेन.

परतवाडा घाट

रोज चालणाऱ्या गाडीलाच तर पंपाचा फायदा सर्वांत जास्त. यावर आपलं जुळणार नाही.

आर्णी रोड मिस्त्री

जुळो का न जुळो, एक काम दोघंही करजा. पिस्टन धरला का तो फेकू नोका, हातात घेऊन पाहजा. एक्झॉस्टच्या बाजूनं उभे ओरखडे असन तं ऑइल नाई तं मिश्रण पातळ. चारही बाजूंनं असन तं गरमी, नाई तं बोअर घट्ट केला. इनटेकच्या बाजूनं बारीक राखाडी घासलेलं असन तं ते ऑइलचं नाई, धुऱ्यावरची काळी माती हाय. एअर फिल्टरचा स्पंज फाटला नाई तं कोरडा हाय. केरोसीनमंदी धुवून, पिळून, वाळवून, गिअर ऑइल लावून पुन्हा पिळजा, मंग बसवजा. कापूस वेचनीच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनं.

अन् पंप ठेवाचा असन तं किमान स्ट्रोक फीलर गेजनं (फट मोजाच्या पातळ पट्ट्यांनं) पाहजा. पुली अन् प्लेटीच्या मंदातली फट ०.२० ते ०.२५ मिमी पायजे. कमी असन तं एक शिम (पातळ चकती) टाकजा. हे कोनी पाहतच नाई, अन् घाटात बंद थ्रॉटलले जे ऑइल जाते म्हनता, ते त्याच फटीवर ठरते.